कूलंट तापमान संवेदकातील बिघाडाचे निदान

मोटारगाडीच्या इंजिनातून फिरणाऱ्या शीतक द्रवाचे, म्हणजेच कूलंटचे, तापमान मोजून ते इंजिनाच्या नियंत्रक संगणकाला कळवणारा छोटा विद्युत घटक म्हणजे कूलंट तापमान संवेदक होय. गॅरेजमध्ये त्याला 'टेम्परेचर सेन्सर' किंवा नुसते 'कूलंट सेन्सर' असे म्हणतात, तर नियंत्रक संगणक 'ईसीयू' या नावाने ओळखला जातो. या संवेदकाची माहिती चुकली की इंजिन सुरू होण्यात अडचणी येतात, इंधन जास्त जळते, रेडिएटरचा पंखा अवेळी फिरतो किंवा फिरतच नाही. मात्र संवेदकाशी संबंधित दोष संगणकाने नोंदवला म्हणजे संवेदकच निकामी झाला, असे होत नाही. वायर, कनेक्टर, थर्मोस्टॅट, कूलंटची घटलेली पातळी आणि खरोखरच तापलेले इंजिन यांपैकी कोणत्याही कारणाने तशीच नोंद होऊ शकते. या कारणांतून खरे कारण वेगळे काढणे हाच निदानाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. त्यामुळे सकाळी इंजिन सुरू करताना हवेच्या मानाने पेट्रोल अधिक द्यावे लागते, आणि इंजिन तापले की ते प्रमाण पुन्हा कमी करावे लागते. कार्ब्युरेटर असलेल्या गाड्यांत हे काम चालकाचा हात करीत असे. मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके धावलेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचा चालक थंड गाडी सुरू करताना चोक ओढी आणि इंजिनाचा आवाज स्थिरावला की तो परत आत ढकली. इंजिन किती तापले हे तो कानाने ठरवीत असे.

इंधन फवारणीच्या प्रणाली आल्यावर चोक गेला आणि हा अंदाज संगणकाकडे आला. संगणकाला कान नसतात. त्याला एक आकडा लागतो आणि तो आकडा कूलंट तापमान संवेदक पुरवतो. या एका आकड्यावरून संगणक सुरुवातीचे इंधनाचे प्रमाण, ठिणगीची वेळ, निष्क्रिय अवस्थेतील इंजिनाची गती, रेडिएटरच्या पंख्याची सुरुवात आणि गरज पडल्यास वातानुकूलन बंद करणे, असे अनेक निर्णय घेतो. डिझेल गाड्यांत इंजिन सुरू करण्यापूर्वी ग्लो प्लग किती वेळ तापवायचे, हेही बहुधा यावरूनच ठरते. चोक ओढायला विसरलेल्या चालकाला आपली चूक लगेच कळत असे. संगणकाला मात्र चुकीचा आकडा मिळाला, तर तो चूक आहे हे त्याला स्वतःहून सहसा उमगत नाही.

रचना आणि कार्य

पितळी किंवा प्लॅस्टिकच्या आवरणाच्या टोकाशी बसवलेला एक थर्मिस्टर, एवढीच या संवेदकाची रचना असते. त्याचे टोक कूलंटमध्ये बुडालेले असते आणि मागच्या बाजूला दोन वायरींचा कनेक्टर जोडलेला असतो. बहुतेक गाड्यांत तो सिलिंडर हेडवर किंवा थर्मोस्टॅटच्या घराजवळ सापडतो. काही जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवरील काट्यासाठी एका वायरीचा वेगळा संवेदक असतो. तेव्हा हात घालण्यापूर्वी आपण नेमक्या कोणत्या संवेदकाविषयी बोलत आहोत, हे निश्चित करणे आवश्यक ठरते.

थर्मिस्टर मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडांपासून बनवतात. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. या अर्धवाहक पदार्थांत उलट घडते. उष्णतेमुळे विद्युतभार वाहून नेणारे कण अधिक संख्येने मोकळे होतात आणि रोध झपाट्याने उतरतो. हा उलटा गुणधर्म मायकेल फॅरेडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडच्या बाबतीत नोंदवला होता. व्यवहारात वापरण्याजोगा थर्मिस्टर मात्र सॅम्युएल रुबेन यांनी १९३० मध्ये तयार केला.

प्रचलित असलेल्या एका प्रकारच्या संवेदकाचा रोध साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो:

० अंश सेल्सिअस – सुमारे ५,९०० ओहम
२० अंश – सुमारे २,५०० ओहम
४० अंश – सुमारे १,२०० ओहम
६० अंश – सुमारे ६०० ओहम
८० अंश – सुमारे ३२० ओहम
१०० अंश – सुमारे १९० ओहम

सर्व गाड्यांना हेच आकडे लागू होत नाहीत. त्या त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतील कोष्टकच प्रमाण मानावे. आलेखाचा आकार मात्र सगळीकडे सारखाच असतो: थंडीत तीव्र उतार आणि उष्णतेत जवळजवळ सपाटी.

संगणक रोध थेट मोजत नाही. तो आपल्याकडील ५ व्होल्टचा दाब एका स्थिर रोधकातून संवेदकाकडे पाठवतो आणि संवेदकावर किती व्होल्ट उरतात ते पाहतो. समजा, हा स्थिर रोधक २,५०० ओहमचा आहे. मग २० अंशांना दोन्ही रोध समान असल्याने ५ व्होल्टची निम्मी वाटणी होऊन २.५ व्होल्ट मिळतील. ० अंशांना सुमारे ३.५, ८० अंशांना सुमारे ०.५७ आणि १०० अंशांना सुमारे ०.३५ व्होल्ट मिळतील. ० ते २० या वीस अंशांत एक व्होल्टचा फरक पडतो, तर ८० ते १०० या वीस अंशांत जेमतेम ०.२ व्होल्टचा. म्हणजे जिथे इंजिनाच्या जिवाचा प्रश्न असतो, तिथेच मोजणी सर्वांत नाजूक असते. यासाठी काही गाड्यांचे संगणक इंजिन तापल्यावर आतला रोधक बदलतात. अशा गाडीत ठरावीक तापमानाला व्होल्टचा आकडा एकदम उडी घेतो. ती उडी म्हणजे दोष नव्हे. हे ठाऊक नसल्यास चांगला संवेदक काढून टाकला जातो.

वायर तुटली तर प्रवाह थांबतो, पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि संगणकाला कूलंट उणे ४० अंशांवर असल्याचा भास होतो. वायर सोलून गाडीच्या धातूला टेकली तर ० व्होल्ट दिसतात आणि कूलंट १३० ते १४० अंशांवर किंवा त्याहूनही गरम असल्याचा भास होतो. पुण्यात सकाळी उभ्या असलेल्या गाडीत उणे ४० हा आकडा दिसला तर तो हवामानाचा नसून तुटलेल्या जोडणीचा असतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

लक्षणे

संवेदक प्रत्यक्षापेक्षा थंड आकडा दाखवीत असेल, तर संगणक जणू चोक कायम ओढून ठेवतो. गाडीचा अ‍ॅव्हरेज घसरतो, धुरात काळेपणा येतो, पेट्रोलचा वास येतो, स्पार्क प्लग काजळतात. हे दीर्घकाळ चालू राहिल्यास न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो महागडा भाग खराब होतो. उलट, संवेदक प्रत्यक्षापेक्षा गरम आकडा दाखवीत असेल, तर सकाळच्या गारव्यात पुरेसे इंधन मिळत नाही. सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, इंजिन सुरू होऊन पुन्हा बंद पडते. तीच गाडी दुपारी एका झटक्यात सुरू होते, म्हणून मालक बॅटरीला दोष देत राहतो.

थंड इंजिनाची चावी फिरवताच रेडिएटरचा पंखा पूर्ण वेगाने फिरू लागणे, हे लक्षण विशेष बोलके आहे. परिपथ तुटल्याचे लक्षात आले की पुष्कळ गाड्यांचे संगणक संवेदकावरचा विश्वास काढून घेतात, आत येणाऱ्या हवेचे तापमान व इंजिन सुरू होऊन गेलेला वेळ यांवरून एक पर्यायी आकडा मानतात आणि सावधगिरी म्हणून पंखा चालूच ठेवतात. अशी गाडी बऱ्यापैकी चालते.

डॅशबोर्डवरील काट्यावर फार भिस्त ठेवू नये. आधुनिक गाड्यांत हा काटा बहुधा संगणकच हलवतो आणि साधारण ७५ ते १०५ अंशांच्या दरम्यान तो मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवला जातो, जेणेकरून घाटात किंचित चढउतार होताच चालक घाबरू नये. कित्येक छोट्या गाड्यांत तर काटाही नसतो. इंजिन थंड असताना निळा आणि अति तापल्यावर लाल, असे दोन दिवे असतात. काटा काय किंवा दिवे काय, त्यांची माहिती अनेकदा त्याच एका संवेदकाकडून येते. म्हणून संवेदक खोटे बोलत असल्यास काट्याची साक्ष काढणे व्यर्थ असते.

आधी इंजिन, मग संवेदक

लाल दिवा लागला किंवा स्कॅनरवर ११५ अंशांचा आकडा दिसला, की 'सेन्सर गेला असेल' असे म्हणून गाडी पुढे दामटण्याचा मोह होतो. ही सवय घातक आहे. इंजिन खरोखर तापले आहे असे गृहीत धरूनच सुरुवात करावी, आणि तसे नाही हे सिद्ध झाल्यावरच संवेदकाकडे वळावे. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. अति तापलेल्या इंजिनाचे अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते, हेड गॅस्केट जाते आणि काहीशे रुपयांच्या संवेदकाची शंका हजारोंच्या खर्चात बदलते.

यात सर्वांत फसवा प्रकार कूलंट संपल्याचा असतो. नळी फुटून किंवा वॉटर पंपातून गळून कूलंट उतरले, की संवेदकाचे टोक द्रवात न राहता वाफेत किंवा हवेत उघडे पडते. हवेतून उष्णता संवेदकापर्यंत नीट पोहोचत नाही. त्यामुळे इंजिन आतून भाजत असताना आकडा मात्र स्थिर राहतो किंवा उतरतोदेखील. चढावर तापमानाचा आकडा एकाएकी कमी झाला आणि त्याच वेळी हीटरमधून गार हवा येऊ लागली, तर ती सुटका नसून कूलंट संपल्याची सूचना असू शकते.

पातळी तपासण्यासाठी गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. पाणी व एथिलीन ग्लायकॉल यांच्या समप्रमाणातील मिश्रणाचा उत्कलनांक साध्या वातावरणीय दाबाखाली सुमारे १०७ अंश असतो. झाकणामुळे निर्माण होणाऱ्या दाबाखाली तो १२५ अंशांच्या आसपास जातो. झाकण उघडताच दाब जातो, आतला द्रव त्या क्षणी उकळतो आणि वाफेसह चेहऱ्यावर व हातांवर उसळतो. अशा भाजण्याच्या जखमा गंभीर असतात. वरची रबरी नळी हाताला कोमट आणि मऊ लागेपर्यंत थांबावे. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर पण विषारी असल्याने काढलेले कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नये. कुत्री-मांजरे ते चाटतात.

संकेतांक

गाडीच्या संगणकाने स्वतःचे दोष स्वतः नोंदवण्याची प्रमाणित पद्धत ओबीडी या नावाने ओळखली जाते. तिची दुसरी आवृत्ती अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना सक्तीची झाली. भारतात भारत स्टेज ४ हे निकष १ एप्रिल २०१० पासून आधी दिल्ली परिसर आणि निवडक शहरांत आले. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर यांचा समावेश होता. या निकषांबरोबर ओबीडीही टप्प्याटप्प्याने आली. आज चालकाच्या पायांजवळील सोळा पिनांच्या सॉकेटला स्वस्तातला स्कॅनर जोडूनही दोषांचे संकेतांक वाचता येतात.

या संवेदकाशी संबंधित संकेतांकांपैकी पी०११५ हा परिपथातील सर्वसाधारण दोष दर्शवतो. पी०११६ म्हणजे आकडा शक्य असला तरी परिस्थितीशी न जुळणारा. पी०११७ म्हणजे व्होल्ट प्रमाणाबाहेर कमी. पी०११८ म्हणजे व्होल्ट प्रमाणाबाहेर जास्त. आणि पी०११९ म्हणजे अधूनमधून तुटणारा परिपथ. येथे 'कमी' आणि 'जास्त' हे शब्द व्होल्टविषयी आहेत, तापमानाविषयी नव्हेत. व्होल्ट कमी म्हणजे तापमानाचा आकडा जास्त. नवशिका नेमका येथे गोंधळतो आणि उलट दिशेने शोध सुरू करतो. पी०१२५ आणि पी०१२८ हे दोन संकेतांक इंजिन अपेक्षित वेळेत पुरेसे तापले नाही असे सांगतात. पी०२१७ हा इंजिन अति तापल्याचा संकेतांक असून तो दिसल्यास आधी शीतन प्रणाली तपासावी.

संकेतांक परिपथाचे नाव सांगतो, भागाचे नाही. परिपथात संवेदकाबरोबर दोन वायरी, दोन कनेक्टर आणि संगणकाचे स्वतःचे टोकही येते. संकेतांक वाचून संवेदक बदलला आणि महिन्याभराने तोच दिवा पुन्हा लागला, हा अनुभव सार्वत्रिक आहे. संकेतांक पुसण्यापूर्वी त्यासोबत साठवलेली त्या क्षणाची नोंद, म्हणजे गाडीचा वेग, इंजिनाची गती आणि तापमान, लिहून घ्यावी. पुसल्यावर ती परत मिळत नाही.

निदानाची पद्धत

पहिली तपासणी काहीही न उघडता करता येते. गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवावी. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवून स्कॅनरवर कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. रात्रभरात सर्व भाग एकाच तापमानाला आलेले असल्याने दोन्ही आकडे एकमेकांशी आणि बाहेरच्या हवेशी काही अंशांच्या फरकाने जुळले पाहिजेत. हवा १८ अंश आणि कूलंट ४१ अंश, असे दिसल्यास दोहोंपैकी एक संवेदक चुकतो आहे. कोणता, ते भिंतीवरचा साधा तापमापक सांगू शकतो.

मग इंजिन सुरू करून आकड्याची चढण पाहावी. कूलंटचे काही लिटर वस्तुमान हळूहळू तापते, म्हणून आकडाही एकसंधपणे चढला पाहिजे. थर्मोस्टॅट उघडताना तो थोडा डळमळतो व पुढे ८५ ते ९५ अंशांच्या आसपास स्थिरावतो. मध्येच ८२ वरून उणे ४० वर जाऊन पुढच्या क्षणी परत ८२ वर आलेला आकडा खरा असूच शकत नाही, कारण एवढा द्रव एका क्षणात गोठून पुन्हा तापत नाही. असे दिसल्यास इंजिन चालू ठेवून कनेक्टर आणि वायरीची जुडी हलक्या हाताने हलवावी. जिथे हलवल्यावर आकडा उडी मारतो तिथे दोष असतो. हे करताना पंख्यापासून हात आणि सैल कपडे दूर ठेवावेत. इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो.

तिसरी तपासणी संवेदक आणि उरलेला परिपथ यांना वेगळे करते. चावी चालू ठेवून संवेदकाचा कनेक्टर काढावा. स्कॅनरवरील आकडा उणे ४० पर्यंत उतरला पाहिजे. मग वायरीकडील कनेक्टरच्या दोन टोकांना वायरीच्या छोट्या तुकड्याने जोडावे. आकडा वरच्या टोकाला गेला पाहिजे. दोन्ही घडल्यास वायरी मुख्यतः शाबूत असून संगणक ऐकतो आहे, आणि संशय संवेदकावर येतो. कनेक्टर काढूनही आकडा वरच अडकलेला असेल, तर वायर कुठेतरी धातूला टेकली आहे. टोके जोडूनही उणे ४० हलत नसेल, तर वायर तुटली आहे. कनेक्टर दोनच पिनांचा आहे आणि आपण योग्य पिना जोडत आहोत, याची दुरुस्ती पुस्तिकेवरून खात्री करूनच हा प्रयोग करावा.

संशय संवेदकावर आल्यास तो काढून त्याचे टोक पाण्याच्या भांड्यात बुडवावे, शेजारी तापमापक धरावा आणि पाणी तापवत मल्टिमीटरने रोध मोजत जावा. पिना मात्र कोरड्या राहिल्या पाहिजेत. रोध अखंड उतरत गेला पाहिजे आणि कोष्टकाशी जुळला पाहिजे. उकळते पाणी म्हणजे १०० अंश, असे डोळे मिटून मानू नये. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरहून अधिक उंचीवर असल्याने तेथे पाणी ९५ ते ९६ अंशांनाच उकळते. अवरक्त तापमापक वापरणाऱ्यांनी चकचकीत धातूवर नेम धरू नये. असा पृष्ठभाग उष्णता कमी उत्सर्जित करतो व आकडा फसवा, बहुधा कमी, येतो. काळी चिकटपट्टी लावून त्यावर मोजणे अधिक विश्वसनीय असते.

वरच्या सर्व तपासण्यांतून निसटणारा एक दोष येथे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. समजा, कनेक्टरच्या पिनेवर गंज चढून तिथे ५०० ओहमचा जादा रोध निर्माण झाला आहे. सकाळी २० अंशांना संवेदकाचे २,५०० आणि गंजाचे ५०० मिळून ३,००० ओहम होतात. संगणकाला ते १६ अंशांच्या आसपास वाटतात. चार अंशांची चूक कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि सकाळची तपासणी उत्तीर्ण होते. कनेक्टर काढल्यावर उणे ४० दिसतात, टोके जोडल्यावर आकडा चांगलाच वर जातो. वरच्या टोकाला किंचित कमी पडला तरी ते सहज नजरेआड होते. संवेदक काढून पाण्यात तपासला तर तो निर्दोष निघतो, कारण तो निर्दोषच आहे. पण इंजिन १०० अंशांवर पोहोचले की संवेदकाचे १९० आणि गंजाचे ५०० मिळून ६९० ओहम होतात, आणि संगणक समजतो की कूलंट जेमतेम ५६ अंशांवर आहे. तो पंखा सुरू करीत नाही. काटा खाली राहतो. चालक निर्धास्त असतो. शिवाय इंजिन तापतच नाही असे मानून संगणक पी०१२८ नोंदवण्याचीही शक्यता असते आणि मेकॅनिक थर्मोस्टॅट बदलून देतो. तोवर प्रत्यक्ष इंजिन वाहतूक कोंडीत उकळायला आलेले असते.

कनेक्टरमधील ओलावा याच्या उलट वागतो. तो संवेदकाला समांतर अशी गळतीची वाट तयार करतो. ही वाट १०,००० ओहमची असेल तर ८० अंशांना जवळपास काहीच फरक पडत नाही, २० अंशांना पाचएक अंशांची चूक होते, आणि उणे २० अंशांच्या हिमप्रदेशात संगणकाला ० अंश दिसतात. थोडक्यात गंज गरम इंजिनात फसवतो, ओलावा थंड इंजिनात. म्हणून तपासणी दोन्ही अवस्थांत केल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही.

गंज पकडण्याचा मार्ग अवघड नाही. इंजिन पूर्ण तापलेले असताना कनेक्टर जोडलेलाच ठेवून मल्टिमीटरच्या बारीक सुयांनी प्रत्येक जोडणीच्या दोन्ही बाजूंमधील व्होल्ट मोजावेत. चांगल्या जोडणीवर हा आकडा जवळजवळ शून्य येतो. संवेदकाची परतीची वायर आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यातही असेच मोजावे, ०.१ व्होल्टपेक्षा अधिक दिसल्यास परतीची वाट खराब आहे. ही परतीची वाट अनेक संवेदकांना सामाईक असते. त्यामुळे एकाच वेळी तीन-चार वेगवेगळ्या संवेदकांचे संकेतांक दिसल्यास ते सगळे एकदम बिघडले असे न मानता सामाईक जोडणी शोधावी.

थर्मोस्टॅटशी होणारी गल्लत

थर्मोस्टॅट ही मेणाच्या प्रसरणावर उघडणारी झडप असून ती साधारण ८२ ते ९२ अंशांदरम्यान उघडते. ती उघडी अडकली तर कूलंट सुरुवातीपासूनच रेडिएटरमधून फिरते आणि इंजिन तापायला फार वेळ लागतो. गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगाने धावताना आकडा ७० च्या खाली उतरतो व सिग्नलला थांबल्यावर पुन्हा चढतो. येथे संवेदक खरे तेच सांगत असतो. थर्मोस्टॅट इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वाटेवर असलेल्या गाड्यांत वरच्या नळीला सावधपणे हात लावून फरक ओळखता येतो. थर्मोस्टॅट चांगला असेल तर ती नळी बराच वेळ गार राहून मग एकाएकी गरम होते; उघडा अडकलेला असेल तर इंजिनाबरोबर हळूहळू कोमट होत जाते.

कूलंटऐवजी वर्षानुवर्षे नळाचे किंवा बोअरचे पाणी भरण्याची सवय आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे. अशा जड पाण्यातील क्षारांचा थर संवेदकाच्या टोकावर बसतो. आकडा शेवटी बरोबर येतो, पण उशिरा येतो. असा संवेदक पाण्याच्या भांड्यातील तपासणीत संथ निघतो, चुकीचा नव्हे. त्याच्याबरोबर संपूर्ण प्रणाली धुऊन घेणे आवश्यक असते, अन्यथा नवा संवेदकही त्याच वाटेने जातो.

बदलणे आणि पडताळणी

संवेदक पूर्ण थंड इंजिनावरच काढावा. जुने सील पुन्हा वापरू नये. ज्या एका वायरीच्या संवेदकांचा परतीचा प्रवाह त्यांच्या धातूच्या आट्यांतूनच जातो, त्यांवर सीलबंदीची पांढरी पट्टी जाड गुंडाळल्यास नवाच दोष तयार होतो. प्लॅस्टिकच्या घरात बसणारे संवेदक हाताने ओळीत आणून मगच पान्याने हलके आवळावेत.

बदलताना काही कूलंट सांडते व त्याची जागा हवा घेते. ही हवा काढली नाही तर तिचा फुगा नेमका संवेदकापाशी अडकून आकडा खालीवर होत राहतो आणि नवा संवेदकही सदोष असल्याचा समज होतो. प्रणालीत हवा सोडण्याचा स्क्रू असल्यास तो वापरून, नसल्यास पुस्तिकेतील क्रमाने कूलंट भरून, इंजिन पंखा सुरू होईपर्यंत चालवावे. थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी.

संकेतांक पुसल्यावर दिवा विझतो. तो विझणे हा दुरुस्तीचा पुरावा नव्हे. खरी पडताळणी म्हणजे थंडीतील आणि पूर्ण तापल्यावरच्या दोन्ही तपासण्या पुन्हा करून आकडे जुळवणे. संकेतांक हाताने पुसला नाही तरी ओबीडीच्या अमेरिकी नियमांनुसार सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो आणि तापण्याची ४० आवर्तने निर्दोष झाल्यावर नोंद पुसली जाते. कूलंट सुरुवातीच्या तापमानापेक्षा किमान २२ अंशांनी चढून पेट्रोल गाडीत ७१ अंशांपर्यंत पोहोचले, की एक आवर्तन मोजले जाते. ही मोजणी संगणक याच संवेदकाच्या आकड्यावरून करतो. त्यामुळे संवेदक सदैव थंड आकडा दाखवीत असेल, तर इतर भागांच्या जुन्या नोंदीही पुसल्या न जाता तशाच पडून राहतात.